पोरखेळ म्हणे!

चाळिशी ओलांडलेला माणूस रात्री जेवणानंतर टेबलाशी दिवा ओढून बसतो, चिमट्याने प्लॅस्टिकची एक बारीकशी कडी उचलतो आणि श्वास रोखून ती रणगाड्याच्या पाठीवर चिकटवतो. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही घरात एवढे दिसले की पुढचे वाक्य ठरलेले: ‘भुरग्यांचो खेळ तो!’ म्हणणारा माणूस वाईट नसतो. तो मामा असतो, शेजारी असतो, निवृत्त मास्तर असतो. तो हसत म्हणतो, आणि हसत म्हटल्यामुळे त्याला उलट उत्तर देणे असभ्य ठरते. म्हणूनच हे मत कुणी न खोडता इतकी वर्षे सुखाने नांदत आले आहे.

मत नीट मांडायचे तर ते असे. रणगाड्यांच्या प्रतिकृती जोडणे, रंगवणे आणि वर त्या मुद्दाम मळवणे हा मोठ्या माणसाला न शोभणारा उद्योग. त्यात कला नाही, कारण सुटे भाग कारखान्यातून येतात आणि कुठला भाग कुठे बसवायचा ते कागदावर छापलेले असते. त्यात आपले काही नाही, कारण रणगाडे जर्मनांचे, रशियनांचे, अमेरिकनांचे. त्यात पैसा जातो. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे, त्यातून युद्धाची हौस वाढते. आता जी गोष्ट निव्वळ पोरखेळ आहे तीच समाजाला युद्धखोर कशी बनवते, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांना पडत नाही. एक तर तिला निरुपद्रवी म्हणा, नाही तर घातक म्हणा. दोन्ही म्हणायचे असेल तर निदान मध्ये चहा तरी घ्या.

पोरखेळवाल्यांच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे, आणि त्यांनी तो अजून उभा केलेला नाही: भारत सरकारचे सीमाशुल्क खाते. शुल्काच्या तक्त्यात ९५०३ हा क्रमांक आहे. तिथे तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या आणि कोडी यांच्याच पंगतीला प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती बसवल्या आहेत. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेले गेले, २०२३ मध्ये ७० वर. म्हणजे जपानहून आलेला सेंच्युरियन रणगाडा आणि तीन वर्षांच्या मुलीची बाहुली ही सरकारदरबारी सख्खी भावंडे. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण द्यावे, जरूर द्यावे. पण १/३५ प्रमाणातला रणगाडा कुठल्या देशी कारखान्याच्या पोटावर पाय देतो? आणि आयातीच्या तक्त्यावरून जर कलेची पारख होणार असेल, तर मग कलासमीक्षक हवेत कशाला, बंदरावरचे कारकून पुरेत.

आता डिचोली तालुक्याबाहेर न जाताच पाहू. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठी माणूस मावत नाही. लोक कशाला जमतात? त्रिपुरासुराचा वध पाहायला, आणि हाताने घडवलेल्या नौका पाहायला. थर्मोकोल, पुठ्ठा, लाकूड, कागद, आत दिवे. त्यांची स्पर्धा असते, परीक्षक असतात, बक्षिसे असतात, व्यासपीठावर पुढारी असतात. या नौकांत कुणी बसून पैलतीरी जात नाही, त्यांतून माल वाहिला जात नाही. मग त्या काय आहेत? जहाजांच्या प्रतिकृतीच ना? त्यांच्यासाठी कारागीर रात्री जागवतात, डोलकाठीचा कोन चुकला म्हणून पुन्हा मोडून करतात. त्या काठावर उभे राहून कुणी ‘पोरखेळ’ म्हणून दाखवावे.

नरकासुराचेही तेच. दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यावरची पोरे काम सोडून सांगाडे बांधतात, कागद चिकटवतात, कुणी मोटर लावून मुंडके हलवतो, कुणी डोळे पेटवतो. मोठ्या मंडळांचा खर्च ऐकून थक्क व्हावे, आणि एवढे सगळे पहाटे जाळण्यासाठी. त्याला आपण परंपरा म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग टेबलावरचा रणगाडाच तेवढा पोरखेळ का?

खरी गोम इथे आहे. राग रणगाड्यावर नाही, राग एकटेपणावर आहे. आपल्याकडे हाताचे काम देवाचे असेल, वाड्याचे असेल, मंडळाचे असेल तर त्याला मान. ढोल लागतो, वर्गणी लागते, पाच माणसे उभी राहून सल्ले देतात. पण एकच माणूस, दार लोटून, कुणासाठी नाही, कुठल्या सणासाठी नाही, केवळ एक गोष्ट बरोबर व्हावी म्हणून महिनाभर वाकून बसतो, तेव्हा गावाला अस्वस्थ वाटते. दारू पिऊन बसला असता तर समजले असते. ही अस्वस्थता प्रामाणिकपणे कबूल करण्याऐवजी तिला ‘पोरखेळ’ हे सोयीचे नाव मिळाले आहे.

‘सगळे तयारच येते, तुम्ही फक्त चिकटवता’ हे वाक्य बोलणाऱ्याने चतुर्थीआधी मये गावातल्या गणपतीच्या चित्रशाळेत जाऊन यावे. साचा तिथेही असतो. साच्यातून निघालेल्या मातीत गणपती असतो का? तो येतो हात फिरल्यावर, रंग चढल्यावर, शेवटी डोळे आखल्यावर. आणि दोन कारागिरांच्या हातून एकाच साच्याचे दोन निराळे गणपती निघतात. रणगाड्याचा संच उघडला की हाती येते ते करड्या प्लॅस्टिकचे सांगाडे आणि त्यांना लटकलेले शंभर-दोनशे तुकडे. त्यांना वजन नसते, वय नसते, हवामान नसते. ते आणायचे असते, आणि ते कागदावर छापलेले नसते.

सगळ्यात मोठे हसू येते ते मळवण्यावर. नवा कोरा रंगवलेला रणगाडा चिखलात कशाला लोळवायचा? तर त्याची रीत अशी. आधी प्रायमर, मग अॅक्रिलिकचा मूळ रंग, त्यावर चकचकीत वार्निश. मग इनॅमलचा पातळ गडद वॉश सोडायचा. तो रिव्हेटांच्या कडेने आणि पत्र्यांच्या सांध्यांत आपसूक ओढला जातो. इनॅमलच्या द्रावकाने खालचे थर सुटत नाहीत, म्हणून जास्तीचा वॉश पुसून घेता येतो. रंगाचे टवके उडालेले दाखवायचे तर गंजाच्या रंगावर आधी केसांना मारायचा स्प्रे मारतात, तो वाळल्यावर वरून हिरवा रंग देतात आणि ओल्या कुंचल्याने हलके घासतात. स्प्रे पाण्याने सुटतो, वरचा रंग हवा तेवढाच निघतो, खालचा गंज डोकावतो. शेवटी कोरडी पूड: धूळ, काजळी, माती. गोव्याच्या पावसाळी हवेत लॅकर फवारला तर तो पांढुरका पडतो, म्हणून जुलैत जोडकाम करावे आणि फवारणी आभाळ निवळल्यावर काढावी. एवढे रसायनशास्त्र शाळेत कुणी हौसेने शिकले असेल तर हात वर करावा.

पण रीत हा सोपा भाग. अवघड आहे तो हिशेब. १/३५ प्रमाणात एक मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटीमीटर. नवखा माणूस उत्साहाने नखाएवढा गंज काढतो, आणि खऱ्या रणगाड्यावर तो परातीएवढा होतो. तेव्हा आधी ठरवावे लागते: हा रणगाडा तीन दिवस चाललेला आहे की तीन वर्षे शेतात सोडून दिलेला? चालत्या रणगाड्याच्या पट्ट्या जिथे जमिनीला घासतात तिथे लखलखतात, खाचांत मात्र माती आणि गंज बसतो. धुराड्याभोवतीचा पत्रा तापून आधी तांबूस होतो. तेल सांडते ते इंधन भरण्याच्या झाकणाखाली, वाटेल तिथे नाही. ज्या बाजूने माणसे चढतात तिथला रंग बुटांनी झिजतो. प्रत्येक डागाला कारण द्यावे लागते, आणि कारण नसलेला डाग जाणकाराला लगेच खटकतो. याला पोरखेळ म्हणणाऱ्यांच्या किती कामांत प्रत्येक खुणेला कारण असते?

डिचोलीच्या माणसाला तर हे शिकवावे लागू नये. खनिजाच्या ट्रकांच्या रांगा बघत इथल्या दोन पिढ्या वाढल्या. लाल धूळ मडगार्डाच्या आतल्या अंगाला कशी जाड बसते, काचेवर वायपरची अर्धी चकती कशी उरते, पहिल्या पावसात हौद्यावरून लाल ओघळ कसे उतरतात, हे या तालुक्यात गॅरेजातल्या पोरालाही ठाऊक. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये परत सुरू झाला. धूळ मात्र लोकांच्या डोळ्यांत मुरलेलीच आहे. आणि गंमत पाहा, परदेशातून छोट्या बाटलीत भरून, भाडे भरून जी ‘गंजाची पूड’ येते, ती लोहाचे ऑक्साइडच असते. ज्या मातीची जहाजे भरभरून आपण जपान-चीनला धाडली, तिचीच चिमूटभर पूड चढ्या भावात परत विकत घ्यायची. यावर हसायला हरकत नाही.

आता गंभीर आक्षेप. रणगाडा हे मारण्याचे यंत्र आहे, त्याची प्रतिकृती करणे म्हणजे हिंसेचे कौतुक. हे बोलणारे लोक दिवाळीत मुलांनी अंगणात केलेल्या मातीच्या किल्ल्यापुढे थबकतात, बुरुजावरची तोफ बघून गालगुच्चा घेतात. पेडण्याच्या हळर्ण किल्ल्याची डागडुजी झाली तेव्हा ते आनंदले. तो किल्ला १७४६ मध्ये लढून घेतला गेला आणि तो घेणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने त्याच्याच नावाची पदवी मिरवली, तेव्हा तिथेही काही पूजा-अर्चा चाललेली नव्हती. दगडाची तोफ चालते, मातीचा मावळा चालतो, मग प्लॅस्टिकचा रणगाडाच तेवढा हिंसक का?

जर्मन टायगरवर जीव टाकणारे, त्याच्यावरच्या प्रत्येक क्रॉसची जागा तोंडपाठ असणारे आणि तो कुणाच्या अंगावरून गेला याची फिकीर नसणारे लोक या छंदात आहेत. असोत. भजनात बेसूर गाणारे आहेत म्हणून कुणी भजन बंद करत नाही. मुळात युद्धाचे कौतुक करणारा रणगाडा कुठला असतो? संचलनातला. धुतलेला, तेल लावलेला, पट्ट्यांना पांढरी किनार मारलेला. प्रतिकृतिकार नेमका तोच रणगाडा नाकारतो. तो ठिगळे दाखवतो, गोळीचा ओरखडा दाखवतो, मागे बांधलेली फाटकी ताडपत्री आणि माणसांची भांडी दाखवतो. लढाई किती मळकट असते हे सांगणारे याहून सौम्य साधन कुणाला ठाऊक असेल तर त्याने ते पुढे आणावे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमपुस्तक लिहिले, आणि त्याच पुस्तकात खऱ्या युद्धावर कडाडून टीका केली. त्याला त्यात विसंगती वाटली नाही.

आणि शस्त्रांविषयी भोळेपणाचा आव पेडणे-डिचोलीने तरी आणू नये. पत्रादेवी पेडणे तालुक्यात आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, आणि पंजाबातून आलेला कर्नैल सिंग तिथे पडला. सहा वर्षांनी, १७ डिसेंबर १९६१ रोजी, दोडामार्गच्या बाजूने भारतीय सैन्य डिचोलीच्या हद्दीत शिरू लागले. पोर्तुगीजांनी इथे जड रणगाडे आणून ठेवले आहेत अशी खबर होती. १८ तारखेला पहाटे चारला तोफांचा भडिमार सुरू झाला तो त्या खबरीवर. खबर खोटी होती. पोर्तुगीजांकडे होती ती चिलखती टेहळणी पथके. साडेचारच्या सुमारास डिचोलीवर मारा होऊ लागला, ४.४० ला पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडवला, पाचला अस्नोडा आणि कोलवाळचे. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडबरोबरची शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी रणगाडे घेऊन दोडामार्गाहून थिवीमार्गे निघाली आणि संध्याकाळपर्यंत मांडवीकाठी बेतीला पोचली. समोर पणजी.

म्हणजे नसलेल्या रणगाड्यांच्या बातमीवर खऱ्या तोफा धडाडल्या, आणि त्या आपल्या तालुक्यात धडाडल्या. यंत्र दुरून नीट ओळखता येणे हा पोरखेळ आहे का? १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला तसे वाटले नव्हते. शत्रूचे आणि मित्राचे विमान ओळखायला सैनिकांना शिकवता यावे म्हणून त्यांनी देशभरच्या शाळकरी मुलांकडून १/७२ प्रमाणातल्या पाच लाख लाकडी विमानांची मागणी केली, आणि मुलांनी ती कोरून दिली.

पुढचे ऐका. आग्वाद किल्ल्यात राजकीय कैदी होते. त्यांना सोडवायला गेलेले ७ व्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल किल्ल्यातून झालेल्या गोळीबारात मारले गेले. हीच ती रेजिमेंट, जिने १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले होते. सुगावा लागू नये म्हणून बुरूज उतरवून, झाकून नेलेले. गोव्यातल्या किती पदवीधरांना हा धागा ठाऊक आहे? टेबलावर स्टुअर्ट जोडणाऱ्याला ठाऊक असतो, कारण बुरूज बसवायचा की काढून ठेवायचा हे ठरवल्याशिवाय त्याचे पुढचे पाऊल पडत नाही. त्याला १९६१ ची ती सकाळ करायची झाली तर आणखी प्रश्न पडतील. डिसेंबर आहे, म्हणजे चिखल नव्हे, जांभ्या दगडाची कोरडी लाल धूळ. पण पूल पडलेत. मग चाके कुठे भिजली, कुठवर भिजली, आणि ओल्या पट्टीवर धूळ कशी चिकटली? पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळी वाचून ‘आपला इतिहास’ म्हणणाऱ्याला यातला एक तरी प्रश्न पडला आहे का?

म्हणूनच ‘परकीय छंद’ हा आक्षेप फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. गोव्यात बसून परकीय म्हणायचे म्हणजे कमालच. पाव परकीय, फुटबॉल परकीय, काजू परकीय. डिचोलीच्या प्रत्येक भजनात वाजते ती बाजाची पेटीसुद्धा युरोपातूनच आली. आणि रणगाड्यांची गोष्ट मराठी माणसाला परकी कुठे आहे? अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. दोघेही पूना हॉर्सचे, दोघेही सेंच्युरियनवर. खेत्रपालांच्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्टा’. १/३५ मध्ये त्याचे धड जेमतेम वीतभर होते.

पैशाचे तर बोलूच नये. संच महाग आहे, शुल्कामुळे आणखी महाग. पण एक संच दोन-तीन महिने पुरतो. तेवढ्या रकमेत कळंगुटला एक संध्याकाळही धड पुरत नाही, आणि तिथून परतणाऱ्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही.

पत्रादेवी ओलांडून बांद्यावरून पुढे गेले की सावंतवाडी लागते. चितार आळीतली लाकडी खेळणी, फळे, भाज्या, पिढ्यान्‌पिढ्यांचे रंगकाम. जपानमध्ये शिझुओका हेही असेच लाकूडकामाचे गाव. तिथे १९४६ मध्ये तामिया नावाच्या घराण्याने लाकडाचा धंदा सुरू केला, मग लाकडी प्रतिकृती करायला घेतल्या, १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळले, आणि साठच्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात या हिशेबाने त्याचे माप ठरले. त्यातून आलेले १/३५ हे प्रमाण आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे प्रमाण मानले जाते. त्या शहरात दर मे महिन्यात प्रतिकृतींचे मोठे प्रदर्शन भरते. लाकूड त्यांच्याकडे होते, आपल्याकडेही होते. रंगाचा हात त्यांच्याकडे होता, आपल्याकडे कदाचित जास्तच. त्यांनी त्यातून उद्योग उभा केला. आपण खेळण्यांची दुकाने पर्यटकांच्या गाड्या थांबतात तिथे लावली आणि घरातल्या मोठ्या माणसाने खेळणे हातात घेतले की हसलो.

प्रतिकृती करणे म्हणजे पाहणे. डोळा, हात, इतिहास आणि रसायन एका वीतभर जागेत एकत्र आणणारे काम आहे ते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी करू नये. पण ज्यांनी कधी केले नाही त्यांनी त्याची किंमत ठरवू नये.

तेव्हा एक मागणी. येत्या १९ डिसेंबरला डिचोली आणि पेडण्याच्या शाळांनी मुक्तिदिनाच्या भाषणांतले एक भाषण गाळावे, आणि त्या बदल्यात नववीच्या मुलांना आधीचे दोन महिने एक टेबल, एक संच आणि एखादा रंगारी द्यावा. विषय: १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ, डिचोलीचा पडलेला पूल, प्रमाण १/३५. विठ्ठलापूरच्या नौका करणाऱ्यांना परीक्षक म्हणून बोलवावे. धूळ बाजारातून आणायची गरज नाही.